कोकणातल्या महाविद्यालयांत इतिहास, भाषा आणि तत्त्वज्ञान यांचे पुढे काय?

सिंधुदुर्गातील एका ग्रामीण महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, इतिहास शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यांनी विचारले आहे की, नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून हवा तो निबंध क्षणात लिहून मिळू लागल्यावर इतिहास, मराठी, संस्कृत, तत्त्वज्ञान या विषयांना उच्च शिक्षणात काही स्थान उरेल का. सेट ही प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही कायम नेमणूक मिळत नसताना आपण या क्षेत्रात थांबावे का, असाही त्यांचा प्रश्न आहे. रत्नागिरी जिल्ह्यात पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवण्यात माझी उमेद खर्ची पडली आहे, म्हणून हे दोन्ही प्रश्न मला परके नाहीत. माझ्या मते आपल्या विषयांचे भवितव्य दोन गोष्टींवर अवलंबून आहे. विभागात टिकून राहणारा शिक्षक असला पाहिजे, आणि त्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना आपल्या परिसरातील, अजून कोणी न वाचलेल्या साधनांपर्यंत नेले पाहिजे. बाकीची चर्चा मला दुय्यम वाटते.

आधी एक गैरसमज दूर करू. या विषयावर जे लेखन सहज वाचायला मिळते ते बहुतेक अमेरिका आणि ब्रिटनमधील परिस्थितीवर असते. अमेरिकेत २०१२ नंतर मानव्यविद्यांच्या पदव्या घेणाऱ्यांची संख्या घटत गेली आणि काही ठिकाणी विभागच बंद झाले, हे खरे आहे. भारताचे चित्र निराळे आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार पदवी स्तरावरील सुमारे ३४ टक्के विद्यार्थी कला शाखेत होते, तर विज्ञानात सुमारे १५, वाणिज्यात सुमारे १३ आणि अभियांत्रिकीत सुमारे १२ टक्के. म्हणजे देशातील सर्वांत मोठा विद्यार्थिवर्ग आजही आपल्याच वर्गात बसतो. तो तिथे का बसतो, हा खरा प्रश्न आहे. ज्या मुलींना जिल्ह्याबाहेर पाठवण्याची घरची तयारी नसते, ज्या मुलांना विज्ञानाची शिकवणी परवडत नाही, ज्यांच्या एस.टी.च्या टप्प्यात एकच महाविद्यालय येते, ते कला शाखेत येतात. त्यांच्यापैकी अनेकांनी हा विषय निवडलेला नसतो, तो त्यांच्या वाट्याला आलेला असतो. अशा विद्यार्थ्याला मार्गदर्शक पुस्तकातील उत्तरे पाठ करायला लावून तीन वर्षांनी पदवी देणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि आपल्या विषयांची प्रतिष्ठा खरी घसरली ती याच ठिकाणी.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली. रत्नागिरीची तर सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून बारावीच्या निकालात राज्यात सातत्याने आघाडीवर आहे, पण चांगले गुण मिळवलेली मुले मुंबई, पुणे, कोल्हापूरकडे जातात आणि मागे राहिलेल्यांतून आपले वर्ग भरतात. पटसंख्या कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की कार्यभार उतरतो, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा कार्यभार १६ तासांचा धरला जात असल्यामुळे, आणि तेवढे तास भरत नसल्यामुळे, निवृत्त माणसाची जागा भरण्याचे कारणच कागदावर उरत नाही. मग ते तास तासिका तत्त्वावर वाटले जातात. ज्याला दर जूनमध्ये आपली नेमणूक होईल की नाही याची खात्री नसते, तो पाच वर्षे चालणारे काम कसे हाती घेणार? गावागावांत फिरून विश्वास मिळवायचा, कागद पाहायचे, वयस्कर माणसांशी बोलायचे, हे एका सत्रात होणारे काम नाही. मानव्यविद्यांवरील संकटाबद्दल मोठमोठ्या शब्दांत पुष्कळ बोलले जाते, पण रिक्त पदे भरली नाहीत तर कोणतेही धोरण आणि कोणताही अभ्यासक्रम हे विषय वाचवू शकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या धोरणाबद्दल माझे मत संमिश्र आहे. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांमध्ये ते २०२४-२५ पासून लागू झाले. तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक (क्रेडिट), चार वर्षांच्या ऑनर्सला १७६, आणि वाटेत मुख्य विषय, गौण विषय, खुला विषय, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, कार्यानुभव असे इतके कप्पे केले आहेत की मुख्य विषयाला सलग वेळ देणे कठीण झाले आहे. दोन श्रेयांकांच्या, म्हणजे तीस तासांच्या तुकड्यात मराठेशाहीचे आरमार शिकवायचे म्हटले तर आंग्रे येईपर्यंत सत्र संपते. असे असले तरी दोन दारे उघडी झाली आहेत आणि ती लहान महाविद्यालयांनी वाया घालवू नयेत. खुला विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो, त्यामुळे विज्ञान आणि वाणिज्याचे विद्यार्थी पहिल्यांदाच आपल्या वर्गात येऊ शकतात. आणि क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळत असल्यामुळे वर्गाबाहेरचे काम हे आता प्राध्यापकाचे खासगी वेड राहिलेले नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला चौल, दाभोळ आणि राजापूर या बंदरांचा इतिहास शिकवून पाहा. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची इंग्रजांची वखार का लुटली, हा प्रश्न घेऊन ती बंदर, जकात, तोफगोळे आणि परदेशी व्यापारी यांच्यापर्यंत आपणहून पोहोचते, असा माझा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टीवर माझा सर्वांत अधिक भरवसा आहे तिच्याकडे येतो. कोकणातल्या जुन्या घरांत, देवस्थानांच्या पेट्यांत आणि गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या दप्तरांत मोडी या जुन्या मराठी लिपीतले कागद अजूनही पडून आहेत. त्यांत कौल (अभयपत्रे) आहेत, कतबे (करारपत्रे) आहेत, महजर (निवाडापत्रे) आहेत, इनामपत्रे, वाटणीपत्रे आणि सावकारी हिशेब आहेत. आपल्या हवेत कागदाचे आयुष्य थोडे असते. जून ते सप्टेंबर ओल, त्यानंतर वाळवी, आणि घर पाडून नवे बांधताना उरलेले जाळून टाकणे, अशा तीन वाटांनी ते नाहीसे होत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्य कारकुनाला येणारी ही लिपी आज वाचणारी माणसे इतकी थोडी आहेत की, २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या संदर्भात कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचक कुठून आणायचे हा प्रश्न प्रशासनापुढे उभा राहिला. त्या आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काय, हा इथला विषय नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की जे कौशल्य निरुपयोगी म्हणून आपण अभ्यासक्रमाच्या कडेला टाकले होते, ते शासनाला एकाएकी तातडीचे वाटू लागले.

मोडी शिकवणे वाटते तितके अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. अक्षरओळख दोन श्रेयांकांच्या कौशल्य-विषयात होते. कागद वाचता येण्यासाठी मात्र पुढे अनेक महिने रोज थोडे वाचावे लागते. शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद केलेला नसतो, प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते आणि संक्षेप तर पावलोपावली असतात. तारखेसाठी शुहूर सन, फसली आणि शक या जुन्या कालगणनांची ओळख हवी. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, एवढे कळले तरी विद्यार्थ्याला पहिला कागद काळात बसवता येतो आणि त्याचा चेहरा बदलतो. त्या क्षणानंतर त्याला इतिहास कशासाठी शिकायचा हे सांगावे लागत नाही. जमीनव्यवहाराची भाषा त्याच्या घरात असतेच. फेरफार, आकारफोड, कजाप (कमी-जास्त पत्रक) हे शब्द त्याने भांडणांतून ऐकलेले असतात. १९३३ पासून रायगड जिल्ह्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध केलेला दीर्घ संप, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेले खोतीविरोधी विधेयक आणि १९४९ चा खोती नाहीशी करणारा कायदा ही प्रश्नपत्रिकेतली तीन टिपणे आहेत, असे तोवर त्याला वाटत असते. आपल्याच वाडीचा मक्त्याचा, म्हणजे ठरावीक खंडाचा, हिशेब हाती आला की ती त्याच्या पणजोबाच्या आयुष्यातली गोष्ट होते.

या कामात एक पथ्य मी काटेकोरपणे पाळत आलो आहे आणि तुम्हीही पाळावे. हे कागद जमिनीच्या आणि मानपानाच्या हक्कांशी जोडलेले असतात. सामाईक सातबाऱ्यावर नावे असलेली निम्मी मंडळी मुंबईत असतात, आणि एका कागदाच्या वाचनावरून भावाभावांत दावा उभा राहू शकतो. म्हणून मालकाची लेखी परवानगी घ्यावी, मूळ कागद त्याच्या घरातून हलवू नये, मोबाइलने नीट उजेडात छायाचित्रे घ्यावीत, वाचन देवनागरीत उतरवून त्याची एक प्रत त्याला द्यावी आणि त्याच्या संमतीशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये. चालू वादात मत देऊ नये. विद्यार्थ्याला विवेक म्हणजे काय हे शिकवण्याचे याहून चांगले साधन मला माहीत नाही, आणि मानव्यविद्या माणूस घडवतात असे जे आपण म्हणतो त्याचा प्रत्यक्ष अर्थ मला इथेच दिसतो.

कागदांच्याही आधीची साधने आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, पडली आहेत. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, जांभरुण, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील फणसाईमळ येथील कातळशिल्पे, म्हणजे कातळावर कोरलेल्या आकृती, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांचा शोध आणि पाठपुरावा मुख्यतः ज्यांनी केला त्यांत पेशाने अभियंते असलेली माणसे होती आणि भूगोलाचे प्राध्यापक होते. इतिहासाच्या विभागांचा वाटा त्यात असायला हवा होता तितका नव्हता, हे आपण मान्य केले पाहिजे. त्या शिल्पांचा काळ, त्यांचा हेतू, आज कोकणात न आढळणाऱ्या गेंड्यासारख्या प्राण्यांच्या आकृती तिथे का आहेत, यावर वाद चालू आहेत, आणि दरम्यान चिरेखाणी आणि रस्ते कातळ पोखरत आहेत. एकट्या कशेळीत सड्यावर हत्तीची प्रचंड आकृती आहे आणि गावातल्या कनकादित्याच्या देवळाशी संबंधित शिलाहार राजा भोज दुसरा याचा शके १११३ चा, म्हणजे ११९१ सालचा ताम्रपट आहे. एका गावात पुरातत्त्व, पुराभिलेख, संस्कृत, लोकश्रद्धा आणि भूगोल अशा पाच विषयांचे विद्यार्थी एकत्र काम करू शकतील. शिवाय जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने जे १२ किल्ले जागतिक वारशात समाविष्ट झाले त्यांतील खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच कोकणातले आहेत. तिथे येणाऱ्याला खरी माहिती सांगणारा, दंतकथा आणि पुरावा यांतला फरक जाणणारा माणूस आपल्याच पदवीधरांतून निघाला पाहिजे.

माणसांच्या आठवणी तर कागदापेक्षाही लवकर जातात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांत कोकणातून गेलेल्यांची संख्या फार मोठी होती. ते परत गावी आले, आता वृद्ध झाले आहेत. मनीऑर्डरवर चाललेली घरे, गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या मुंबईतल्या खोल्या, संपानंतर आंबा-काजूकडे किंवा मच्छीमारीकडे वळलेले संसार यांच्या मुलाखती विद्यार्थ्यांनी आज घेतल्या नाहीत तर पुढच्या पिढीला त्या मिळणार नाहीत. तीच गोष्ट बोलींची. मालवणी रंगभूमीमुळे सर्वदूर पोहोचली, पण संगमेश्वरी, किनाऱ्यावरच्या कोळी-गाबितांच्या आणि कोकणी मुसलमानांच्या बोलींची, त्यांतल्या वाऱ्याच्या, भरती-ओहोटीच्या, जाळ्यांच्या आणि मासळीच्या शब्दांची नोंद अपुरीच आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आहे. आपल्या विभागांनी त्याची पद्धत समजून घेऊन तालुक्याच्या पातळीवर ते काम पुढे न्यावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचा आनंद योग्यच आहे, पण त्या दर्जाचे काम अशाच नोंदींतून होणार आहे.

उपयोगाचा आणखी एक दाखला देतो, कारण पालक उपयोगच विचारतात आणि तो त्यांचा हक्क आहे. आपल्या किनाऱ्यावर बंदर, वीजप्रकल्प, तेलशुद्धीकरण, खाणी असे प्रकल्प सतत येतात. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीपूर्वी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मूळ शेकडो पानांचा अहवाल मात्र इंग्रजीत असतो. तो वाचून, त्यातले दावे सोप्या आणि अचूक मराठीत ग्रामसभेपुढे मांडणारा, आणि ग्रामसभेत उठलेले आक्षेप नेमक्या भाषेत लिहून काढणारा माणूस गावाला हवा असतो. तो प्रकल्पाच्या बाजूचा असो वा विरोधातला, वाक्याचा अर्थ त्याने बिघडवता कामा नये. हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे आणि ते आज जवळपास कोणी करत नाही.

यंत्राच्या निबंधाविषयी थोडक्यात. घरून लिहून आणायचे निबंध आणि प्रकल्प आता मूल्यमापनास निरुपयोगी झाले आहेत, हे स्वीकारून पुढे जावे. तोंडी परीक्षा, वर्गात समोर बसून केलेले उताऱ्याचे वाचन, क्षेत्रवही आणि मुलाखतीची ध्वनिफीत यांवर गुण द्यावेत. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हे जड जाते. आपल्या लहान वर्गांत शक्य आहे, आणि लहान वर्ग हे आपले दुर्दैव समजणाऱ्या संस्थाचालकांना हे आवर्जून सांगावे. जुन्या लिपीचे वाचन यंत्राला शिकवण्याचे प्रयत्नही सुरू झाले आहेत, आणि त्याने वाचलेले बरोबर की चूक हे सांगणारी माणसे लागतीलच.

इतके सगळे परिसराबद्दल लिहिले, म्हणून एक सावधगिरी. मानव्यविद्यांना स्थानिक इतिहास आणि पर्यटन यांत कोंडून ठेवावे असे मला मुळीच वाटत नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. १८६२ मध्ये त्याचे जे पहिले पदवीधर झाले त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, ज्यांचा जन्म मालवणचा आणि शालेय शिक्षण रत्नागिरीचे. चिपळूणजवळच्या परशुराम परिसरातले पांडुरंग वामन काणे वकिली करत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड १९३० पासून तीन दशकांहून अधिक काळ लिहीत राहिले आणि १९६३ मध्ये भारतरत्न झाले. या दोघांनी जे केले त्याची बाजारात मागणी नव्हती. खेड्यातल्या मुलीला कालिदास, ग्रीक नाटक, ज्ञानेश्वरी किंवा कांटचा नीतिविचार शिकण्याचा अधिकार मुंबईच्या मुलीइतकाच आहे, आणि त्याचा उपयोग काय हे तिने कोणाला पटवून द्यावे लागू नये. कौशल्याच्या नावाखाली ग्रामीण महाविद्यालयांतून तत्त्वज्ञान आणि संस्कृत काढून टाकायचे आणि ते शहरांतल्या निवडक संस्थांत ठेवायचे, ही वाटणी मला सर्वांत अधिक खटकते. त्याविरुद्ध अभ्यास मंडळांत आणि विद्या परिषदेत बोलले पाहिजे.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे. केवळ तासिकेच्या मानधनावर आणि कायम होण्याच्या आशेवर घर चालवू नका. शाळेतली नोकरी, अनुवाद, मोडी वाचन, शासकीय पुराभिलेखांशी संबंधित काम असा दुसरा आधार उभा करून मग शिकवा. पीएच.डी. केली नसेल तर विषय असा घ्या की ज्याची साधने तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहेत, आणि त्याचा दुसरा भाग पुण्याच्या पेशवे दप्तरात किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात जाऊन पूर्ण करता येईल. नुसत्या छापील ग्रंथांवरचा प्रबंध तुम्हाला पुढे नेणार नाही. विद्यार्थ्यांनाही खरे सांगा: बी.ए. ची पदवी एकटी नोकरी देत नाही, पण ज्याला जुना कागद वाचता येतो, मुलाखत घेता येते आणि तीन भाषांत स्वच्छ लिहिता येते, त्याला कायदा, पत्रकारिता, ग्रंथालय, संग्रहालय, समाजकार्य आणि वर्णनात्मक झालेली राज्यसेवा मुख्य परीक्षा या वाटा मोकळ्या आहेत.

येत्या जूनसाठी प्राचार्यांकडे तीन गोष्टी मागा. पहिल्या वर्षाच्या कौशल्य-विषयांत मोडीला जागा, विज्ञान-वाणिज्यासाठी कोकणच्या सागरी व्यापाराचा खुला विषय, आणि विभागासाठी कोरडी, कुलूपबंद अशी एक खोली, जिथे छायाचित्रे, ध्वनिफिती आणि वाचनांच्या प्रती नोंदवहीत क्रमांक देऊन ठेवता येतील. तिसरी मागणी सर्वांत आधी मंजूर करून घ्या, कारण तासिकेवरचा शिक्षक बदलला तरी त्या नोंदवहीमुळे पुढच्या माणसाला काम कुठपर्यंत आले आहे ते कळेल. क्षेत्रप्रकल्पाची पहिली तुकडी दिवाळीनंतर, ओल ओसरल्यावर बाहेर काढा आणि पहिल्या वर्षी एकाच गावाचे काम घ्या.